डोंबिवलीचा हिशेब: जमीन गावाची, आराखडा कुणाचा?

पऱ्हाटी आणि ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला डोंबिवलीशी काय देणेघेणे, असा प्रश्न हे पत्रक हातात घेणाऱ्याला पडेल. आमचे उत्तर सरळ आहे. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरता खुला झाला. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना, संभाजीनगर अशी कोरडवाहू राने कापत तो जिथे संपतो ते आमणे गाव भिवंडी तालुक्यातले. तिथून कल्याण-डोंबिवली जवळच. म्हणजे आपल्या वावरातून गेलेल्या रस्त्याचे दुसरे टोक त्या शहरांच्या उंबऱ्यावर आहे. रस्ता आला की त्याच्या मागून आराखडा येतो, प्राधिकरण येते, बिल्डर येतो. ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतकऱ्याने हे सारे आपल्या आधी पन्नास वर्षे पाहिले आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. त्या ठेचेचा हिशेब आपण आज मांडला नाही, तर उद्या ती आपल्याच पायाला लागणार आहे.

सध्या मोठ्या शहरांच्या बाबतीत एक शब्द फार चालतो. तो म्हणजे 'प्रादेशिक सहकार्य'. २०२४ साली नीती आयोगाने मुंबई महानगर प्रदेशासाठी आराखडा मांडला. १४० अब्ज डॉलरची तिथली अर्थव्यवस्था २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरची करायची, असे त्यात म्हटले आहे. या प्रदेशात नऊ महापालिका आहेत, नगरपालिका आहेत आणि शेकडो गावे आहेत. सर्वांनी मिळून दीर्घकाळ सहकार्य करावे, म्हणजे भरभराट होईल आणि माणसांचे जगणे सुखाचे होईल, अशी ही भाषा. भाषेशी आमचे भांडण नाही. शहर आणि गाव यांनी एकमेकांचा हात धरलाच पाहिजे. आमचा सवाल एवढाच, की हे सहकार्य कुणाकुणात आणि त्याची वही कोण लिहितो? सहकार्य दोन मालकांत होते. एक मालक आणि दुसरा कच्चा माल असेल, तर त्याला खरेदी म्हणतात, आणि भाव खरेदीदारानेच ठरवलेला असेल, तर त्याला लूट म्हणतात.

कापसाने गिरणी बांधली, गिरणीच्या जमिनीने टॉवर

मुंबई आणि वऱ्हाड यांचा संबंध काही समृद्धी महामार्गाने जोडलेला नाही. रेल्वे १८५४ साली कल्याणला आली, १८६७ साली नागपूरला पोचली. ती माणसांच्या सोयीसाठी जितकी आली, तितकीच कापसाच्या गठाणींसाठी आली. आमच्या सरकीतून निघालेल्या रुईवर मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे एकाधिकार खरेदीच्या नावाखाली कापूस उत्पादकाला आपला माल राज्याच्या सीमेबाहेर नेण्याची बंदी होती. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला, तरी गाडी सीमेवर अडवली जायची.

त्याच गिरण्यांचे पुढे काय झाले पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि एकेक गिरणी बंद पडत गेली. जमीन उरली. १९९१ साली सरकारने नियम केला, की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची करायची, इमारतीखालची जमीन मालकाकडेच राहील, असे ठरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. परळ-लालबागला टॉवर उभे राहिले आणि कामगारांची घरे दूर दूर सरकत गेली. ज्यांना मुंबईत जागा परवडेना ते डोंबिवलीला, कल्याणला, त्याच्याही पलीकडे गेले.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की गिरणीमालकाला जमिनीचा वापर बदलून मिळाला. कारखान्याची जागा घरांची झाली, दुकानांची झाली, आणि भाव वाढला तो त्याच्या पदरात पडला. आता डोंबिवलीच्या शेतकऱ्याकडे वळू.

सत्तावीस गावांचा झोका

१९८३ साली कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा आजूबाजूची २७ गावे तिच्यात घातली. ग्रामपंचायती गेल्या. कर आला, पाणी, रस्ते आणि गटारे मात्र आली नाहीत, ही गावांची तक्रार. जुलै २००२ मध्ये गावे बाहेर काढली. मधल्या काळात नियोजन महानगर प्राधिकरणाच्या हाती गेले आणि ग्रामपंचायतीच्या हाती दिवाबत्ती राहिली. जून २०१५ मध्ये तीच गावे पुन्हा महापालिकेत घातली. मार्च २०२० मध्ये त्यातली १८ गावे काढून वेगळी नगर परिषद करण्याचा निर्णय झाला. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आत, बाहेर, पुन्हा आत, अर्धे बाहेर, पुन्हा आत! पाळण्यातल्या पोरालाही कुणी इतके झोके देत नाही.

या झोक्याचा फायदा कुणाचा झाला? गाव कुणाच्या हद्दीत हेच ठरलेले नसले, की बांधकामाची परवानगी कुणी द्यायची आणि बेकायदा बांधकाम कुणी पाडायचे, हेही ठरत नाही. त्या फटीत इमारती उगवतात. ४ एप्रिल २०१३ रोजी डोंबिवलीजवळ शीळफाट्याला अशीच एक बेकायदा इमारत बांधता बांधता कोसळली आणि ७४ माणसे मेली. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींची नोंदणी खोट्या कागदांवर झाल्याचे २०२२ साली उघडकीस आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम दिला. बिल्डर पैसे घेऊन मोकळा झाला. बुडाला तो कर्ज काढून घर घेणारा चाकरमानी.

याच गावांपैकी निळजे, काटई, घेसर, कोळे, हेदुटणे अशा दहा गावांच्या सुमारे १,०८९ हेक्टरांवर महानगर प्राधिकरणाने 'कल्याण विकास केंद्र' आखले. गावकऱ्यांनी विरोध केला. वर्तमानपत्रांनी त्यांना विकासाचे विरोधक म्हटले. ज्यांना तीन वेळा आत-बाहेर केले, ज्यांच्या ग्रामसभेचे मत कधी हिशेबात धरले नाही, त्यांनी चौथ्या वेळी कागदावर डोळे मिटून अंगठा उठवावा, अशी अपेक्षा तरी कशी करायची?

हिरवा पट्टा म्हणजे जमिनीवरची लेव्ही

शहराचा आराखडा करणारे नकाशावर रंग भरतात. पिवळा रंग घरांचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. हिरवा रंग दिसायला गोजिरा. पण ज्याच्या गट नंबरावर तो पडतो, त्याला आपल्या जमिनीवर नाममात्र बांधकामापलीकडे काही करता येत नाही. शेजारच्या पिवळ्या पट्ट्यातली जमीन गुंठ्यावर विकली जाते, याची एकरावर. शेतकरी कंटाळतो, पोरीचे लग्न येते, सोसायटीचे कर्ज थकते आणि तो हिरव्या भावाने जमीन विकून टाकतो. विकत घेणाऱ्याची मंत्रालयात ओळख असते. पट्टा बदलतो. जमीन तीच, माती तीच. मालक बदलला म्हणून रंग बदलला.

कापसाचे आणि धान्याचे जे झाले तेच हे. शेतकऱ्याच्या हातात माल असेपर्यंत बंदी, आणि व्यापाऱ्याच्या गोदामात गेला की बंदी उठली! लेव्ही, झोनबंदी, निर्यातबंदी यांच्याविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो. जमिनीच्या पट्ट्याची ही लेव्ही मात्र आपल्या नजरेतून निसटली आहे, कारण ती नकाशात लपलेली असते आणि नकाशा तालुक्याच्या कचेरीतही धड पाहायला मिळत नाही.

मोकळी जमीन, नदीचे पात्र, झाडी राखायला आमचा विरोध नाही. शहराला ती हवीच. पण शहराच्या फुप्फुसासाठी कुणाच्या जमिनीवर कायमची बंदी घालायची असेल, तर त्या फुप्फुसाचे भाडे शहराने द्यावे. फुकट श्वास घ्यायचा आणि उपदेशही करायचा, हे चालणार नाही.

पाणी त्यांचे, टँकर आमचा

जमिनीचे जे, तेच पाण्याचे. शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर, भातसा अशी धरणे आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आहे. आणि उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतात. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या 'सहकार्या'त धरणाच्या उशाशी राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला टँकर आला.

हे असेच असावे लागते का? न्यूयॉर्कचे उदाहरण पाहा. त्या शहराचे बहुतेक पाणी दूरच्या डोंगराळ शेतीभागातून येते. पाणी गढूळ होऊ लागले तेव्हा शहरापुढे दोन वाटा होत्या: अब्जावधी डॉलर खर्चून गाळणी केंद्र बांधायचे, किंवा वरच्या शेतकऱ्यांशी बोलणी करायची. शहराने बोलणी केली. १९९७ साली लेखी करार झाला. शेतकऱ्यांनी ओढे स्वच्छ राहतील अशी शेती करायची, गोठ्यांची आणि सांडपाण्याची व्यवस्था करायची, आणि त्याचा खर्च शहराने उचलायचा. शहराचा पैसा वाचला, शेतकऱ्याचा मान राहिला. तिथला शेतकरी काही आपल्याहून शहाणा नव्हता. त्याला बोलणीच्या मेजावर खुर्ची होती, एवढाच फरक.

आपल्याकडेही असे तुकडे आहेत. शहाड-टेमघर पाणीपुरवठा योजनेत ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महापालिकांबरोबर ठाणे जिल्हा परिषद भागीदार आहे. म्हणजे शहरे आणि गावे एका कंपनीत हिस्सेदार होऊ शकतात, त्याने आकाश कोसळत नाही. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा विस्थापितांच्या लढ्यामुळे तत्त्व मान्य झाले, की जी जी पालिका त्या धरणाचे पाणी उचलते तिने आपल्या वाट्याच्या प्रमाणात विस्थापितांच्या घरातल्या माणसाला नोकरी द्यावी. ते पदरात पडायला वर्षे गेली, पण तत्त्व सोन्यासारखे आहे. जो पाणी पितो तो देणे लागतो.

शहरात तरी सुख कुठे आहे?

आपल्यातले काही जण म्हणतील, शहरवाल्यांनी आपल्याला लुटले, आता त्यांचे ते बघून घेतील. आम्हाला हे पटत नाही. शरद जोशींनी 'भारत' आणि 'इंडिया' अशी मांडणी केली तेव्हाच स्पष्ट केले होते, की ही रेघ नकाशावरची नाही. गावातून उखडून शहरात गेलेला माणूस भारताचाच. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत आणि इमारतींत वऱ्हाडातली, मराठवाड्यातली, खानदेशातली आपली पोरे राहतात.

त्यांचे जगणे कसे आहे? मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसे जीव गमावतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी धावत्या गाड्यांतून खाली पडले आणि काहींचा जीव गेला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसे मेली, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखाने आणि घरे यांच्यामध्ये जागा राखण्याचे भान कुणी ठेवले नाही. कचऱ्याची सोय नाही म्हणून एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकेच्या हद्दीत नव्या बांधकामांना वर्षभर बंदी केली होती.

म्हणजे गावाची जमीन स्वस्तात गेली, तरी त्या स्वस्ताईत शहरातल्या माणसाला ना स्वस्त घर मिळाले, ना सुखाचा प्रवास. मधला मलिदा तिसऱ्यानेच खाल्ला. गावाला भाव नाही आणि शहराला सुख नाही, या दोन्ही एकाच दुखण्याच्या बाजू आहेत. गावाशी सरळ सौदा केला असता, तर रस्त्याला जागा, शाळेला जागा, कचऱ्याला जागा वेळेवर मिळाली असती. चोरून आणि दडपून घेतलेल्या जमिनीवर नीट शहर उभे राहत नाही.

'येईल तो भाव घ्या' म्हणणाऱ्यांना

आमच्याच चळवळीतला एक विचार असा आहे: कोरडवाहू शेती तोट्याची, पाऊस बेभरवशाचा, महामार्गाने गिऱ्हाईक आणले आहे तर विका आणि मोकळे व्हा. यात खोटे काही नाही. शेतीतून बाहेर पडू पाहणाऱ्याला सन्मानाने बाहेर पडता आले पाहिजे, हे आपण कायम म्हणत आलो. समृद्धीच्या वेळी थेट खरेदीत पैसे मिळाले हेही खरे. पण दोन गोष्टी विसरू नका. एकरकमी पैसा हातात किती दिवस टिकतो, हे महामार्गालगतच्या गावांनी पाहिले आहे. आणि हा रस्ता दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला आहे. जिथे वर चढायला जागा तिथल्या चार गटांना सोन्याचा भाव, आणि पाच किलोमीटरवरच्या कापूसवाल्याला गाड्यांचा नुसता आवाज.

म्हणून एकेकट्याने विकण्यापेक्षा एकत्र येऊन भागीदारी करणे शहाणपणाचे. पुण्याजवळ हडपसरला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे हिस्से घेतले आणि २००० सालापासून मगरपट्टा नगर स्वतः बांधले. तिथे ऊस होता, पुणे शेजारी होते, हे कबूल. पण तत्त्व कोरडवाहूलाही लागू पडते. नवी मुंबईत जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मागितल्याशिवाय मिळाले नाही. पण मागितले तेव्हा मिळाले.

आणि वेळ थोडा आहे. २०१६ च्या कायद्याने महानगर प्राधिकरणे इतर शहरांनाही आली. नागपूर महानगर प्राधिकरणाच्या हद्दीत सातशेहून अधिक गावे आहेत. संभाजीनगरलाही प्राधिकरण आहे. समृद्धीलगत नवनगरे आखण्याची योजना आहे. २७ गावांचा खेळ आपल्या अंगणात मांडला जातो आहे.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचा ठराव

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती सांगितली. गावे आणि शहरे यांच्यातली जागेची आखणी, पाण्याची वाटणी हे तिचे काम आहे, असे घटनेत लिहिले आहे. महानगरासाठीही समिती आहे, आणि तिच्यात किमान दोन तृतीयांश सभासद नगरसेवकांतून आणि ग्रामपंचायतींच्या सरपंचांतून निवडलेले असले पाहिजेत. महाराष्ट्राने १९९९ साली तसा कायदाही केला. कागद आपल्या बाजूचा आहे. तो वापरला पाहिजे. आमची सूचना अशी, की जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांवर चर्चा करून ठराव करावा.

१) नवनगराचा किंवा प्राधिकरणाचा कोणताही आराखडा मराठीत, गट नंबरासह, ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय मंजूर होऊ नये.

२) हिरव्या पट्ट्यातली जमीन विकल्यावर पंधरा वर्षांच्या आत पट्टा बदलला, तर वाढलेल्या किमतीचा निम्मा वाटा मूळ शेतकऱ्याला मिळावा. ही एक अट लागली, की पट्टे बदलण्याची घाई आपोआप कमी होईल.

३) विक्रीबरोबर भागीदारीचा पर्याय प्रत्येकाला खुला असावा. परत मिळणारा भूखंड किंवा हिस्सा नवरा-बायको दोघांच्या नावे असावा. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी आपण सातबारावर बायकोचे नाव लावले. भूखंडावर ते पुसले जाऊ नये.

४) जमीन घेऊन पाच वर्षांत वापरली नाही, तर ती मूळ मालकाला परत मिळावी. २०१३ च्या केंद्रीय कायद्यात 'मूळ मालकाला किंवा भूमी बँकेला' असे लिहिले आहे. त्यातला 'किंवा' आपल्याला नको. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीचे भांडण जून २०१७ मध्ये रस्त्यावर पेटले. पाऊणशे वर्षे वाट पाहायची आमची तयारी नाही.

५) शहराने ज्या तालुक्याचे पाणी उचलायचे, त्या तालुक्याशी लेखी करार करावा. आधी त्या तालुक्याचा टँकर बंद होईल, मग शहराचा नळ सुरू होईल.

६) गावाला शहरात घालायचे की नाही, हे ग्रामसभेच्या मताने ठरावे. एकदा ठरले की निदान दहा वर्षे त्यात फेरफार करू नये, आणि सोय येण्याआधी कर येऊ नये.

७) नवनगरांत गोदामे आणि बंगले यांच्या आधी जिनिंग, सूतगिरणी, ज्वारीवर प्रक्रिया करणारे कारखाने यांना जागा मिळावी, आणि त्यांत परिसरातल्या शेतकऱ्यांना हिस्से घेता यावेत, रस्त्यालगतच्याच नव्हे, पाच-दहा किलोमीटरवरच्याही.

यात भीक कुठलीही नाही, सवलत नाही, सूट नाही. घामाचे दाम मागताना आपण जे म्हणत होतो तेच जमिनीबद्दल आणि पाण्याबद्दल म्हणत आहोत. शहरे वाढणार आहेत, ती वाढावीत. त्यांच्या वाढीत आमची जमीन लागणार, आमचे पाणी लागणार, आमची पोरे लागणार. मग भागीदाराच्या यादीत आमचे नावही लागले पाहिजे. बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा आणि गावाचा नकाशा बरोबर आणावा. कुठल्या गटावर कुठला रंग पडला आहे, ते आधी एकत्र बसून पाहू.